आरोपीच्या जागी डायनासोर!

मुलांनो, खटला म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? उंच खुर्चीवर बसलेले न्यायाधीश, काळ्या कोटातले वकील आणि पिंजऱ्यात मान खाली घालून उभा असलेला आरोपी. हा आरोपी म्हणजे कोणी तरी माणूसच असणार, हे आपण धरूनच चालतो. पण अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात २०१२ साली एक खटला दाखल झाला. त्यात ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो माणूस नव्हता. तो बोलू शकत नव्हता, चालू शकत नव्हता आणि त्याला मरून सुमारे सात कोटी वर्षे झाली होती! खटल्याचे नाव होते, 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध टायरानोसॉरस बटारचा एक सांगाडा'.

हसू आले ना? पण ही थट्टा नाही बरं का! हा डायनासोर होता आठ फूट उंच आणि चोवीस फूट लांब. मे २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरपेक्षाही जास्त बोली लागली. पण मंगोलिया देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी लिलावाआधीच हरकत घेतली होती. 'हा डायनासोर आमच्या गोबी वाळवंटातला आहे. आमच्या कायद्याप्रमाणे असे जीवाश्म देशाच्या मालकीचे असतात. कोणी तरी तो चोरून नेला,' असे त्यांचे म्हणणे. तपास झाला. सांगाडा अमेरिकेत आणताना कागदपत्रांवर खोटी माहिती लिहिली होती, असे सरकारने न्यायालयात सांगितले. मग सरकारने सांगाड्यावरच खटला भरला. पुढे त्या व्यापाऱ्याने गुन्हा कबूल केला आणि मे २०१३ मध्ये डायनासोर सन्मानाने मायदेशी परतला. उलानबाटर शहरात मुलांनी त्याला पाहायला गर्दी केली.

गोष्ट गोड झाली. पण ज्या कायद्याने हा डायनासोर घरी गेला, त्याच कायद्याने अमेरिकेत हजारो साध्या माणसांच्या मोटारी, पैसे आणि राहती घरेही गेली आहेत. त्यांतल्या कित्येकांवर कसलाही गुन्हा सिद्ध झाला नव्हता. काहींवर तर आरोपसुद्धा ठेवलेला नव्हता! असे कसे होऊ शकते? तेच आज आपण समजून घेऊ. विषय जरा मोठ्यांचा आहे, पण तुम्हाला न समजण्यासारखा मुळीच नाही. आणि वाचून झाल्यावर आई-बाबांनाही वाचायला द्या हं!

पिंपे, मोटार आणि माशांचे पर

आधी थोडी गंमत. अमेरिकेतल्या अशा खटल्यांची नावे वाचली की आपण विनोदी पुस्तक वाचतोय की काय, असे वाटते. १९०९ साली सरकारी अधिकाऱ्यांनी कोका-कोलाचा माल पकडला. त्या पेयात घातलेले कॅफीन शरीराला अपायकारक आहे, असा सरकारचा दावा होता. तो खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१६ साली त्याचा निकाल लागला. नाव काय, तर 'संयुक्त संस्थाने विरुद्ध कोका-कोलाची चाळीस पिंपे आणि वीस छोटी पिंपे'! १९६५ साली एका खटल्यात पक्षकार होती १९५८ सालची एक प्लिमथ मोटार. आणि २००८ साली निकाल लागलेल्या एका खटल्यात एका बाजूला होते अमेरिकेचे सरकार आणि दुसऱ्या बाजूला शार्क माशांचे अंदाजे ६४ हजार ६९५ पौंड पर. गंमत म्हणजे त्या खटल्यात सरकार हरले आणि माशांचे पर जिंकले!

या पद्धतीला आपण 'दिवाणी सरकारजमा' म्हणू. आता 'दिवाणी' म्हणजे काय? न्यायालयातली प्रकरणे साधारण दोन प्रकारची असतात. चोरी, मारामारी, खून अशी प्रकरणे म्हणजे फौजदारी. त्यात आरोप सिद्ध झाला तर तुरुंगवास होतो. म्हणून तिथे नियम फार कडक असतो. गुन्ह्याबद्दल वाजवी शंकेला जागा उरली तर आरोपी सुटतो. शेताचा बांध, घरभाडे, उसने दिलेले पैसे असली भांडणे म्हणजे दिवाणी. तिथे तराजूचे पारडे जरासे एका बाजूला झुकले तरी त्या बाजूचा निकाल लागतो.

आणखी दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पोलीस एखादी वस्तू तात्पुरती ताब्यात घेतात ती 'जप्ती'. ती वस्तू कायमची सरकारची होते ते 'सरकारजमा'. जप्त झालेली सायकल परत मिळू शकते. सरकारजमा झालेली सायकल विसरायची!

फौजदारी पद्धतीत आधी माणसाचा गुन्हा सिद्ध होतो आणि मग गुन्ह्यातून मिळवलेला माल सरकारजमा होतो. हे कुणालाही पटेल. पण दिवाणी पद्धतीत माणूस बाजूलाच राहतो. खटला वस्तूवर. माणसावर गुन्हा सिद्ध करण्याची गरजच नाही!

देवाला वाहिलेले चाक

वस्तूलाच अपराधी मानायची ही कल्पना आली कुठून? तिची मुळे फार जुनी आहेत. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षे एक चमत्कारिक नियम होता. एखाद्याच्या अंगावरून गाडी जाऊन तो मेला, की ती गाडी किंवा तिचे चाक अपराधी! त्या वस्तूला 'देवाला द्यायची वस्तू' अशा अर्थाचे लॅटिन नाव होते. प्रत्यक्षात ती किंवा तिची किंमत राजाच्या खजिन्यात जाई. पुढे आगगाड्या आल्या, अपघातांत माणसे मरू लागली. मग काय, अख्खे इंजिन देवाला वाहायचे? रेल्वे कंपन्या घाबरल्या आणि १८४६ साली हा नियम रद्द झाला.

दुसरे मूळ आहे समुद्रात. समजा, एखादे जहाज चोरटा माल घेऊन बंदरात आले. जहाजाचा मालक कुठे तरी सातासमुद्रांपलीकडे. त्याला पकडून आणणार कसे? पण जहाज तर समोर उभे आहे! मग जहाजावरच खटला भरा. अडचणीतून निघालेला हा मार्ग होता. १८२७ साली 'पाल्मायरा' नावाच्या जहाजाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा प्रकरणात वस्तूलाच मुख्य अपराधी मानले जाते आणि त्यासाठी माणसावर आधी गुन्हा सिद्ध व्हायला हवा असे नाही. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे हाच धागा चालत आला.

आता इतिहासातला एक योगायोग पाहा. अमेरिकेवर इंग्रजांचे राज्य होते तेव्हा, १७६८ साली, बॉस्टन बंदरात इंग्रज अधिकाऱ्यांनी जॉन हँकॉक नावाच्या व्यापाऱ्याचे जहाज जप्त केले. कर चुकवून मद्य उतरवल्याचा संशय होता. जहाजाचे नाव होते 'लिबर्टी', म्हणजे स्वातंत्र्य! बॉस्टनचे लोक चिडले, रस्त्यावर दंगा झाला. याच हँकॉकने पुढे १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ठसठशीत सही केली. इंग्रजांच्या झडत्या आणि जप्त्या लोकांच्या मनात सलत होत्या. म्हणूनच १७९१ साली संविधानात ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत लिहिले गेले, की विनाकारण झडती आणि जप्ती करता येणार नाही, कायद्याच्या रीतसर मार्गाशिवाय कुणाची मालमत्ता घेता येणार नाही आणि अवाच्या सवा दंड आकारता येणार नाही. मात्र जहाजांवरचे खटले त्या नव्या देशानेही चालूच ठेवले.

चेंडू कुणाच्या कपाटात?

बराच काळ हा कायदा जहाजे, बंदरे आणि दारूची चोरटी वाहतूक यांपुरता होता. मग अमली पदार्थांचा धंदा फोफावला. १९७० साली त्याविरुद्ध मोठा कायदा झाला. त्या धंद्यात वापरलेली वाहने सरकारजमा होऊ लागली, १९७८ पासून रोख पैसेही. आणि १९८४ साली एक महत्त्वाचा बदल झाला. सरकारजमा झालेल्या मालाचा पैसा एका खास निधीत जाऊ लागला. केंद्राच्या तपासात मदत केली, तर स्थानिक पोलिसांना त्यातला ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू लागला.

यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल. चोरांच्या पैशातून पोलिसांना गाड्या मिळाल्या तर चांगलेच की!

थांबा. एक कल्पना करू. तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीत खिडकीची काच फुटली. एका सरांनी तुमच्या हातातला नवा चेंडू काढून घेतला. तुम्ही म्हणालात, "सर, मी काच नाही फोडली." सर म्हणाले, "मी कुठे म्हटलं तू फोडलीस? माझी तक्रार चेंडूवर आहे. चेंडू निर्दोष असेल तर तसा अर्ज कर. महिन्याभरात कर, नाहीतर चेंडू गेला." आणि मग तुम्हाला कळले, की असे गोळा केलेले चेंडू त्याच सरांच्या क्रिकेट संघाला मिळतात! आता खरे सांगा. सर कितीही चांगले असोत, काच फुटल्यावर त्यांची नजर आधी कुठे जाईल? काच फोडणाऱ्याकडे, की ज्याच्याकडे नवा चेंडू आहे त्याच्याकडे?

हाच तो प्रश्न. जो पकडतो त्याच्याच पेटीत पकडलेला पैसा गेला, तर त्याच्या न्यायबुद्धीवर उगाचच ताण येतो. त्यासाठी माणूस दुष्ट असावा लागत नाही.

आकडे पाहा. १९८६ साली त्या निधीत ९ कोटी ३७ लाख डॉलर आले. २०१४ साली हाच आकडा साडेचार अब्ज डॉलरच्या घरात गेला. मालमत्तेच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस' या संस्थेने २०२० साली हिशेब मांडला. २००० सालापासून अमेरिकेतली राज्ये आणि केंद्र सरकार यांनी मिळून किमान ६८ अब्ज ८० कोटी डॉलरचा माल सरकारजमा केला होता! यात फौजदारी आणि दिवाणी दोन्ही प्रकार आले. पण सगळा माल काही बड्या तस्करांचा नव्हता. ज्या राज्यांचे आकडे मिळाले, तिथे निम्म्या प्रकरणांत रोख रक्कम साधारण तेराशे डॉलरपेक्षा कमी होती.

शीतपेटीतले पैसे आणि अनाथाश्रमाची देणगी

आता काही खऱ्या घटना ऐका.

२००३ साली नेब्रास्का राज्यात एका माणसाला वेगाने गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी अडवले. गाडीत एक शीतपेटी होती आणि तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले १ लाख २४ हजार ७०० डॉलर. तो म्हणाला, "ट्रक विकत घ्यायला मित्रांनी मिळून गोळा केलेले पैसे आहेत." गाडीत अमली पदार्थ सापडले नाहीत. पण पोलिसांच्या कुत्र्याने वासावरून इशारा केला होता. सुरुवातीला तो माणूस आपण पैसे नेत नसल्याचे खोटेही बोलला होता. खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वरच्या न्यायालयाने २००६ साली दोन विरुद्ध एक मताने तो फिरवला आणि पैसे सरकारजमा झाले. इतकी मोठी रोकड आणि ती बाळगण्याची पद्धत संशयास्पद आहे, असे दोन न्यायाधीशांचे मत पडले. तिसऱ्यांचे म्हणणे होते, की या पैशांचा अमली पदार्थांशी संबंध दाखवलेलाच नाही. या खटल्याचे नावही तसेच आहे. सरकार विरुद्ध १,२४,७०० डॉलर!

२०१६ साली ओक्लाहोमा राज्यात मागचा दिवा फुटल्यामुळे एका गाडीला थांबवले. गाडीत होता मूळच्या म्यानमारमधल्या कारेन समाजाच्या एका संगीतपथकाचा व्यवस्थापक. पथकाने गावोगावी कार्यक्रम करून थायलंडमधल्या अनाथाश्रमासाठी आणि म्यानमारमधल्या एका महाविद्यालयासाठी देणग्या जमवल्या होत्या. जवळ ५३ हजार डॉलर. पोलिसांनी सगळे घेतले. पुढे वर्तमानपत्रांत बातमी आली, देशभर ओरड झाली आणि पैसे परत मिळाले. पण ज्यांची बातमी छापून येत नाही, त्यांचे काय होत असेल?

फिलाडेल्फिया शहरातली गोष्ट याहून मनाला लागणारी आहे. २०१४ साली तिथल्या एका कुटुंबातल्या मुलाला ४० डॉलरचा अमली पदार्थ विकल्याबद्दल पकडले. आई-वडिलांना याची कल्पनाही नव्हती, त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. तरी काही आठवड्यांनी पोलीस आले, त्यांना बाहेर काढले आणि त्यांच्याच घराचे दरवाजे त्यांना बंद झाले. अशा प्रकरणांच्या तारखा नगरभवनातल्या ४७८ क्रमांकाच्या खोलीत पडत. तिला म्हणायचे न्यायालय, पण तिथे न्यायाधीशच नसत! सरकारी वकीलच कामकाज चालवत. एक तारीख चुकली तर घर गेले. त्या कुटुंबाने आणि आणखी काही लोकांनी मिळून शहराविरुद्ध दावा लावला. २०१८ साली तडजोड झाली, शहराला आपली पद्धत बदलावी लागली आणि नुकसान झालेल्या लोकांसाठी ३० लाख डॉलर बाजूला काढावे लागले.

दुसरी बाजूही ऐकू या

न्यायाचा पहिला नियम कोणता? दोन्ही बाजू ऐकायच्या! मग या कायद्याच्या बाजूचे लोक काय म्हणतात?

ते म्हणतात, की मोठे गुन्हेगार फार हुशार असतात. ते परदेशात पळतात, दुसऱ्याच्या नावावर घरे घेतात. कधी गुन्हेगार मरतो, पण लुटलेला पैसा तसाच पडून असतो. अशा वेळी माणसावर खटला चालवणार कसा? मलेशिया देशाच्या '१ एमडीबी' नावाच्या सरकारी निधीतून अब्जावधी डॉलरची लूट झाली. त्यातून घेतलेली घरे, चित्रे, एक आलिशान जहाज यांवर अमेरिकेने असेच दिवाणी खटले भरले आणि एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मलेशियाला परत मिळाली. बर्नार्ड मॅडॉफ नावाच्या ठकाने हजारो लोकांची बचत बुडवली. तिथेही सरकारजमा झालेल्या पैशातून फसलेल्या लोकांना चार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम परत देता आली.

म्हणजे हत्यार कामाचे आहे, हे खरे. विळीने भाजीही चिरता येते आणि बोटही कापते. म्हणून तर विळी वापरायची रीत शिकवावी लागते.

पाच मैल आणि एक महागडी मोटार

ही रीत बसवायला अमेरिकेत बरीच वर्षे धडपड चालली आहे. १९९६ साली मिशिगन राज्यातल्या एका बाईंचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. नवरा-बायकोने मिळून ६०० डॉलरला जुनी मोटार घेतली होती. नवऱ्याने त्या मोटारीत बेकायदा वर्तन केले, मोटार सरकारजमा झाली. बाई म्हणाल्या, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं. निदान माझा अर्धा वाटा तरी द्या." पाच विरुद्ध चार मतांनी त्या हरल्या. पुष्कळ लोकांना हा निकाल खटकला.

मग हेन्री हाइड नावाच्या खासदारांनी हा प्रश्न धसास लावला आणि २००० साली केंद्रात सुधारणेचा कायदा झाला. पूर्वी वस्तू निर्दोष आहे हे मालकाने दाखवायचे होते. आता ती दोषी आहे हे सरकारने दाखवायचे. मालकाला गुन्ह्याची माहितीच नसेल, तर त्याला तसे सांगून मालमत्ता सोडवता येऊ लागली. पण एक अडचण राहिलीच. घाबरून म्हणा, माहिती नसल्यामुळे म्हणा, पुष्कळ लोक मुदतीत अर्जच करीत नाहीत. २०१७ साली अमेरिकेच्या न्यायखात्याच्याच महानिरीक्षकांनी दाखवून दिले, की अमली पदार्थविरोधी केंद्रीय संस्थेने दहा वर्षांत चार अब्ज डॉलरहून अधिक रोकड जप्त केली आणि त्यातली सुमारे ८१ टक्के रक्कम न्यायाधीशांपुढे न जाताच सरकारजमा झाली.

२०१९ साली मात्र एक मोठा निकाल आला. इंडियाना राज्यातल्या एका माणसाने वडिलांच्या विम्याच्या पैशातून ४२ हजार डॉलरची मोटार घेतली. पुढे व्यसनापायी त्याने थोडासा अमली पदार्थ विकला. त्याने गुन्हा कबूल केला आणि शिक्षाही भोगली. त्या गुन्ह्याला दंड होता जास्तीत जास्त १० हजार डॉलर. पण राज्याने त्याची ४२ हजारांची मोटारच घेतली! सुनावणीत न्यायमूर्ती ब्रायर यांनी राज्याच्या वकिलांना विचारले, की एखाद्याने वेगमर्यादेपेक्षा ताशी फक्त पाच मैल जास्त वेगाने बुगाटी चालवली, तर राज्य ती मोटार घेऊ शकेल का? वकिलांचे उत्तर होते, हो! न्यायालयात हशा पिकला. २० फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले, की अवाजवी दंडाची बंदी राज्यांनाही लागू आहे. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालपत्र लिहिले आणि त्यात थेट १२१५ सालच्या इंग्लंडमधल्या मॅग्ना कार्टा या सनदेचा दाखला दिला. या 'टिंब्स विरुद्ध इंडियाना' खटल्यातली मोटार मालकाला परत मिळायला मात्र २०२० साल उजाडले. सात वर्षे!

काही राज्ये आणखी पुढे गेली. न्यू मेक्सिकोने २०१५ साली, नेब्रास्काने २०१६ साली आणि मेनने २०२१ साली दिवाणी सरकारजमा पद्धतच बंद केली. आधी माणसाचा गुन्हा सिद्ध करा, मग माल घ्या! उलट मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की मोटार जप्त केल्यावर मुख्य खटल्यापूर्वी वेगळी सुनावणी द्यायलाच हवी असे नाही, मुख्य सुनावणी वेळेवर झाली म्हणजे पुरे. त्या प्रकरणात दोन बायकांच्या मोटारी गेल्या होत्या. गुन्ह्याचा आरोप गाडी नेणाऱ्या दुसऱ्यांवर होता. लढाई अजून संपलेली नाही.

कंपासपेटीचा वकील

चौथीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मी मुलांना असाच एक खटला करायला लावला. आरोपी म्हणून टेबलावर ठेवली एक कंपासपेटी. एक न्यायाधीश झाला, एक सरकारी वकील. सरकारी वकिलाने अगदी जोरात आरोप केले. मग सगळा वर्ग शांत. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पेटीला बोलता येत नाही. मग तिच्या बाजूनं कोण बोलणार?"

केवढा नेमका प्रश्न! फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकार फुकट वकील देते. अमेरिकेत आणि आपल्याकडेही. पण तिकडच्या या दिवाणी खटल्यात आरोपी वस्तू आहे ना! त्यामुळे राहत्या घरासारखे थोडे अपवाद सोडले, तर मालकाला वकील स्वतःच्या खर्चाने आणावा लागतो. हजार डॉलर सोडवायला तीन हजार डॉलर वकिलाला कोण देईल? म्हणून लोक हात जोडून घरी बसतात. चौथीतल्या मुलीला जे दिसले, ते मोठ्यांच्या कायद्यात दिसायला फार उशीर लागला.

आपल्याकडे काय?

पोलीस ठाण्याच्या आवारात गंजलेल्या मोटारसायकली आणि रिक्षा तुम्ही नक्की पाहिल्या असतील. चाकात गवत वाढलेले, सीटवर मांजर झोपलेले! हा सगळा 'मुद्देमाल'. कधी काळी तो कुणाच्या तरी घामाच्या पैशाचा होता.

आपल्या संविधानात मालमत्तेचा हक्क सुरुवातीला मूलभूत हक्क होता. १९७८ सालच्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला, पण अनुच्छेद ३००-अ आला. कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे तो सांगतो. जप्तीचे नियमही आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्याप्रमाणे चोरीची किंवा गुन्ह्याशी संबंधित वाटणारी वस्तू पोलीस जप्त करू शकतात, पण तसे दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवावे लागते. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही आता करावे लागते.

जप्त वाहने ठाण्यात सडू देऊ नका, फोटो काढून आणि हमी घेऊन ती लवकर परत करा, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात २००२ सालीच सांगितले आहे. आणि २०१९ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवून दिले, की पोलिसांच्या जप्तीच्या या नेहमीच्या अधिकारात घर, जमीन अशी स्थावर मालमत्ता बसत नाही. काळ्या पैशासाठी मात्र २००२ सालचा वेगळा कडक कायदा आहे. त्यात पैसा स्वच्छ असल्याचे दाखवण्याचा भार बराचसा आरोपीवर येतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी वैध ठरवल्या. म्हणजे गुन्हेगाराला धाक आणि निरपराध्याला आधार, हे दोन्ही एकाच वेळी कसे साधायचे, हा प्रश्न आपल्यापुढेही आहेच.

पालकांसाठी दोन साध्या गोष्टी. घरातल्या मोठ्या वस्तूंच्या पावत्या आणि गाडीची कागदपत्रे जपून ठेवा. आणि वस्तू कधी जप्त झालीच, तर हुज्जत न घालता पंचनाम्याची प्रत मागा, कोणती वस्तू नेली आणि किती रक्कम नेली ते नीट वाचूनच सही करा. वस्तू परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत मदत मिळते.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. वर्गात असाच एक खटला चालवून पाहा. आरोपी करा एखादी पाण्याची बाटली किंवा सायकल. दोन्ही बाजूंना बोलायला सारखा वेळ द्या. न्यायाधीश असा निवडा, की निकाल कुठलाही लागला तरी ती वस्तू त्याला मिळणार नाही! शेवटी फळ्यावर तीन प्रश्न लिहा. गुन्हा कुणी सिद्ध करायचा? वस्तूच्या बाजूने कोण बोलणार? आणि वस्तू शेवटी कुणाच्या कपाटात जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या देशात नीट मिळतात, तिथे माणूस रात्री आपल्या घराला आतून कडी लावतो आणि निर्धास्त झोपतो.